मंद तारेचा शोध

इंदापूर तालुक्यांतील भवानीनगर हें नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि सहकारी साखर कारखान्यावर वाढलेलें गांव. अशा गांवच्या माणसाला मंद प्रवाह म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. चारीच्या टोकाशीं पाणी कमी आलें, म्हणून तो तडक धरणाला दोष देत नाहीं; वरचा कालवा भरून वाहतो कीं नाहीं, वाटेंत गळती आहे कीं काय, हें तो बांधाबांधानें चालत जाऊन पाहतो. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येऊं लागलें, तेव्हां लहान सेवाचालकाला नेमकी हीच पायपीट करावी लागली.

भारतांत ही सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुली केली. नोव्हेंबर १९९८ मध्यें खाजगी चालकांना परवाने मिळण्याचें धोरण आलें. त्यांतील सर्वांत खालच्या वर्गाचा परवाना साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरता असे. कांहीं टेलिफोन जोडण्या, तितकेच मोडेम आणि बाहेर जाणारी भाड्याची एक तार, एवढ्यावर दुकान उभें राही. तक्रार मात्र एकच येई: फार हळू चालतें.

हळू कोठें, हा खरा प्रश्न. बाहेरची तार सेकंदाला ६४ हजार बिटांची आणि एका वेळीं मागणारे वीस, तर प्रत्येकाच्या वांट्यास जेमतेम ३,२०० बिट येत. ग्राहकाच्या पडद्यावर आंकडा मात्र ३३,६०० चा! उलट दोष गावांतील तांब्याच्या तारेंत असला, तर सांध्यांत पाणी शिरे, खरखर वाढे, आणि बिघडलेला मजकूर मोडेम पुनःपुन्हां मागवीत बसे. म्हणून जाणता चालक आधीं वेळ विचारी. रात्रीं नऊला मंद आणि पहाटे चारला वेगवान, तर गर्दी बाहेरच्या तारेवर. पहाटेंहि मंद, तर दोष ग्राहकाच्या वाटेवर. केवळ पावसांत मंद, तर सांधा तपासावा. ५६ हजारांच्या मोडेमनें पुष्कळांची निराशा केली. चालकाकडील जोडणी साधी असेल, तर तो वेग मिळणें शक्यच नसे. परंतु डबीवर तें कोण छापणार?

या मंदपणाची किंमत दुसऱ्या एका ऊंसपट्ट्यांत दिसून आली. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोंवतींच्या, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील, सत्तर गांवांसाठीं सरकारी साह्यानें संगणक-केंद्रांची योजना निघाली. पिकाचे भाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, सारें जगाचें ज्ञान शेतकऱ्याच्या दारीं यावयाचें होतें. प्रत्यक्षांत केंद्रांवर मुख्यतः चाले तो कारखान्याशीं असलेला हिशेब: ऊंसाचें वजन, खताची उचल, पैसे केव्हां मिळणार. तोडणी झालेल्या ऊंसाचें वजन काय भरलें, यावर ज्याचें वर्ष अवलंबून, त्याला जगाच्या ज्ञानाआधीं तोच आंकडा हवा होता.

पुढें तेथेंच सात गांवांत आठ महिने एक प्रयोग झाला. संगणक व तार बाजूस सारून तोच हिशेब मोबाईल टेलिफोनच्या लघुसंदेशांनीं चालविला. संगणकाचें सारें काम त्यांत झालें, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाहि हीच रीत अधिक आवडली. वजनाचा आंकडा धाडण्यास चार अक्षरांचीच वाट लागत होती.