पवनचक्कीचे घरगुती त्रिकला जनित्र

छोट्या पवनचक्कीसाठी साध्या कार्यशाळेत हाताने बांधलेले, तीन कलांची म्हणजे थ्री-फेज प्रत्यावर्ती वीज देणारे जनित्र. ते पात्यांच्या आसावरच बसते. मध्ये गिअर नसतो, पट्टा नसतो. चुंबक फिरतात आणि तांब्याच्या तारेची वेटोळी जागेवर राहतात, त्यामुळे ब्रशसारखा झिजणारा भाग लागत नाही. तयार झालेली वीज रेक्टिफायरमधून दिष्ट धारेत बदलून बॅटरीत साठवतात.

मोटारगाडीचा जुना अल्टरनेटर पात्यांना जोडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो सहसा फसतो. गाडीचा अल्टरनेटर मिनिटाला हजाराच्या पुढे फेरे झाल्याशिवाय कामाचा प्रवाह देत नाही, आणि स्वतःचे चुंबकत्व टिकवायला बॅटरीतूनच वीज खातो. याउलट २.४ मीटर व्यासाची पाती ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या मंद वाऱ्यात मिनिटाला दीडशे फेऱ्यांच्या आसपास आणि जोरदार वाऱ्यात पाचशेच्या घरात फिरतात. या कमी वेगाला पुरेसे व्होल्ट देणारे यंत्र बाजारात सहज मिळत नव्हते, म्हणून ते घरी बांधण्याची वाट निघाली.

या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे नाव ह्यू पिगट यांचे. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील स्कोरेग या द्वीपकल्पावर रस्ता पोहोचत नाही; होडीने किंवा पायी जावे लागते. तिथे विजेच्या तारा नाहीत, वारा मात्र भरपूर. १९७०च्या दशकात तिथे राहायला गेलेल्या पिगट यांनी शेजाऱ्यांच्या घरांसाठी पवनचक्क्या बांधल्या. सुरुवातीच्या यंत्रांत त्यांनी भंगारातल्या व्हॅनचे ब्रेक ड्रम आणि चाकाचे हब वापरले. पुढे १९८०च्या दशकात निघालेले निओडिमियम चुंबक परवडू लागले आणि दोन सपाट चकत्यांच्या मधोमध वेटोळी ठेवण्याचा आराखडा रूढ झाला. त्यात चुंबकीय क्षेत्र आसाला समांतर जाते, म्हणून त्याला अक्षीय रचना म्हणतात.

नेहमीच्या मापाच्या यंत्रात सुमारे ३०० मिमी व्यासाच्या दोन पोलादी चकत्या असतात. प्रत्येकीवर ४६ × ३० × १० मिमीचे १२ चुंबक, एकाआड एक उत्तर-दक्षिण ध्रुव वर करून बसवतात. दोन्ही चकत्यांचे विरुद्ध ध्रुव समोरासमोर येतात. मधल्या स्थिर चकतीत नऊ वेटोळी असतात. वेटोळ्यांना लोखंडी गाभा नसतो, म्हणून चुंबक कुठेही अडत नाहीत आणि मंद झुळकेतही पाती फिरू लागतात.

नऊ आणि बारा या आकड्यांत सगळी युक्ती आहे. बारा ध्रुवांच्या सहा जोड्या होतात. एका फेऱ्यात वीज सहा वेळा पूर्ण आवर्तन घेते. वेटोळी एकमेकांपासून ४० अंशांवर आहेत. म्हणून पहिले, चौथे आणि सातवे वेटोळे एकाच क्षणी सारख्याच ध्रुवासमोर येते आणि ही तिन्ही एका कलेत ओळीने जोडता येतात. दुसरे-पाचवे-आठवे ही दुसरी कला, तिसरे-सहावे-नववे ही तिसरी. तिन्ही कलांचे चढउतार एकमेकांपासून विजेच्या हिशेबात १२० अंशांनी सरकलेले असतात.

जोडणी बहुतेक वेळा स्टार पद्धतीची. विहिरीवरच्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर असल्याने हे दोन शब्द आपल्या शेतकऱ्यांना नवे नाहीत. स्टारमध्ये दोन तारांमधला दाब एका कलेच्या १.७३ पट मिळतो, आणि मंद वाऱ्यात तोच उपयोगी पडतो. डेल्टात वेटोळी थोडी जरी असमान असली तरी आतल्या आत प्रवाह फिरत राहून वीज वाया जाते.

वेटोळे गुंडाळणे हे या कामातले सर्वांत संयमाचे काम. प्लायवूडच्या दोन गालांमध्ये चुंबकाच्या मापाचा ठोकळा अडकवून हाताने फिरवण्याचा साचा करतात. तार ताणून, फेऱ्याला फेरा लागून बसली पाहिजे. एक फेरा दुसऱ्यावर तिरका चढला की वेटोळे फुगते, आणि जेमतेम १३ मिमी जाडीच्या स्थिर चकतीत ते मावत नाही. फेरे मोजण्यात एकाग्रता सुटली तर वेटोळे उलगडून पुन्हा पहिल्यापासून घ्यावे. पूर्ण झालेले प्रत्येक वेटोळे तराजूवर तोलून पाहावे. फेरे चुकले असतील तर वजनच सांगते. मग नऊही वेटोळी साच्यात मांडून, टोके डाखून, वर-खाली काचतंतूचे कापड घालून रेझिन ओततात. हार्डनर जास्त पडला की रेझिन तापते आणि तडकते.

दुसरी चुंबकचकती बसवताना बोटे जाण्याचा खराखुरा धोका असतो. दोन चकत्यांमधली ओढ इतकी जबरदस्त असते की मध्ये हात सापडला तर सोडवायला वेळ मिळत नाही. म्हणून लांब आटेदार सळ्यांवर ती नटाच्या अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, चहूबाजूंनी सारखी खाली उतरवतात. शेवटी वेटोळ्यांच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट उरली पाहिजे.

जुळणी झाल्यावर हाताने घेतलेली एक परीक्षा कुठल्याही उपकरणाइतकी बोलकी आहे. बाहेर आलेल्या तीन तारा मोकळ्या असताना चकती एका बोटाने फिरते. दोन तारा एकमेकींना टेकवल्या की ती अडखळत, धक्के देत फिरते. तिन्ही एकत्र जोडल्या की धक्के जातात आणि काकवीत रवी फिरवावी तसा एकसारखा जडपणा हाताला लागतो. त्रिकला पद्धत का निवडायची, याचे उत्तर इथेच मिळते: ओढ एकसारखी असल्याने आस, पाती आणि मनोरा कमी थरथरतात. तिन्ही तारा जोडूनही धक्के जाणवले तर एखादे वेटोळे उलटे जोडले गेले आहे असे समजावे.

वेटोळ्याला किती फेरे द्यायचे हे बॅटरीवरून ठरते. ४८ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या चौपट फेरे लागतात आणि तारेचा छेद पाव होतो, तांबे तेवढेच. ४८ व्होल्टची बॅटरी चार्ज होऊ लागायला दोन तारांमध्ये सुमारे ३५ व्होल्ट हवेत. हाताने सेकंदाला एक फेरा देऊन मल्टिमीटरवर १३ व्होल्ट दिसले, तर मिनिटाला सुमारे १६० फेऱ्यांना चार्जिंग सुरू होईल.

नवखा बांधणारा हमखास चुकतो तो इथे. अधिक चुंबक, अधिक फेरे म्हणजे अधिक वीज, असे वाटून तो पात्यांना न पेलणारे जनित्र करतो. मग वारा वाढला तरी पाती वेग घेत नाहीत, हवेत गुदमरतात. जनित्र पात्यांच्या मापाचे असावे लागते. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते: २.४ मीटर व्यासाच्या पात्यांवर सेकंदाला ३ मीटरच्या वाऱ्यात जेमतेम ७० वॉट येऊन आदळतात, १० मीटरच्या वाऱ्यात सुमारे २,७०० वॉट. बेट्झच्या मर्यादेनुसार त्यातले ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणालाच काढता येत नाहीत. घरगुती यंत्र बॅटरीपर्यंत साधारण पाव हिस्सा पोहोचवते, आणि हाताने बांधलेल्या यंत्राला ते शोभणारे आहे.

प्रवाह तिप्पट झाला की वेटोळ्यांतली उष्णता नऊपट होते. साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कमजोर होऊ लागतात. म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात शेपटी दुमडून पाती वाऱ्यातून बाजूला वळतील, अशी बिजागरी बसवतात. चुंबकांना गंजही लवकर लागतो. कोकणासारख्या खाऱ्या हवेत निकेलचा मुलामा पुरत नाही, चुंबक रेझिनमध्ये बुडवूनच बसवावे लागतात. २०११च्या सुमारास निओडिमियमचे भाव भडकले, तेव्हा काहींनी जड पण स्वस्त आणि न गंजणाऱ्या फेराइट चुंबकांकडे मोर्चा वळवला.

पिगट यांच्या आराखड्यावरून पेरू आणि श्रीलंकेत ग्रामीण घरांसाठी यंत्रे झाली. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात डॅन बार्टमन आणि डॅन फिंक यांनी याच रचनेची मोठी यंत्रे बांधून २००९ मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहिले.

महाराष्ट्रात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे ढगांमुळे सौर पॅनेल मंदावतात नेमका तो काळ. सह्याद्रीच्या माथ्यावर, वनकुसवड्यासारख्या साताऱ्याच्या पठारांवर मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर. दारात महावितरणचा खांब असलेल्या घराला घरगुती जनित्र स्वस्त पडत नाही. सड्यावरच्या एकट्या घराला मात्र सौर पॅनेलच्या जोडीला ते पावसाळाभर साथ देते, आणि बिघडले तर बांधणाराच ते उघडून दुरुस्त करू शकतो.

चालत्या चक्कीची तार बॅटरीपासून कधीही सोडू नये. भार सुटताच पाती बेफाम होतात आणि दाब धोकादायक चढतो. थांबवायची असेल तर वारा मंद असताना तिन्ही तारा एकत्र जोडाव्यात. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी मनोरा खाली उतरवून नट-बोल्ट, बेअरिंगचे ग्रीस, ताणतारा आणि चकत्यांमधली फट तपासून घ्यावी.