गोदामात मुरलेला नफा

कारखान्याचं भाडं, मुकादमाचा पगार, यंत्रांचा घसारा. माल निघो न निघो, हे खर्च होतातच. मग न विकल्या गेलेल्या मालाच्या किमतीत ते धरायचे की नाही?

१८८७मध्ये इंग्लंडात गार्के आणि फेल्स यांचं ‘फॅक्टरी अकाउंट्स’ निघालं. आस्थापनेचे स्थिर खर्च मालाच्या उत्पादनखर्चात मिसळू नयेत, असं त्यांचं म्हणणं. १९०१मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या अभियंत्याने उलट वाट धरली: यंत्रागणिक तास मोजा आणि प्रत्येक कामावर त्याच्या वाट्याचा वरखर्च चढवा. पुढे हीच रीत रुळली. तिचं नाव ॲब्झॉर्प्शन कॉस्टिंग.

तिची खोड १९३६मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन हॅरिस यांनी एका लेखात दाखवली. विक्री वाढली, तरी नफा घटलेला! कारण उत्पादन कमी झालं होतं आणि स्थिर खर्च पोटात घ्यायला पुरेसा माल नव्हता. त्यांचा उपाय म्हणजे डायरेक्ट, अर्थात व्हेरिएबल कॉस्टिंग: मालावर फक्त बदलता खर्च चढवायचा, स्थिर खर्च त्या-त्या महिन्याच्या नफ्यातून वजा करायचा.

हिशेब करून पाहू. महिन्याचा स्थिर खर्च १ लाख रुपये, नगामागे बदलता खर्च ४० रुपये. नग १०,००० बनवले, ८,००० विकले. पहिल्या रीतीने उरलेले २,००० नग ५० रुपये दराने १ लाखाचे. दुसरीने ४० रुपये दराने ८० हजारांचे. विक्री तीच, पण पहिल्या रीतीत नफा २० हजारांनी जास्त. हे २० हजार गोदामात बसलेले. म्हणजे माल साठवत गेलं, की नफा फुगतो.

तरीही ताळेबंदात जुनीच रीत टिकली. १९५३मध्ये अमेरिकी लेखापालांच्या संस्थेने सगळाच वरखर्च वगळणं अमान्य ठरवलं. भारतात ‘ब्रिटिश पेंट्स’ खटल्यात कंपनीने शिल्लक मालाची किंमत निव्वळ कच्च्या मालावर धरली होती. ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. सुधारित लेखा मानक २नेही १९९९पासून स्थिर उत्पादनखर्च मालात धरणं सक्तीचं केलं, मात्र सर्वसाधारण क्षमतेच्या प्रमाणात. यंत्रं रिकामी राहिली, तर तो भार मालावर नाही, त्याच वर्षीच्या नफ्यावर. हॅरिस यांची तक्रार नियमाने अर्धीच ऐकली: मंदीचा बोजा गोदामात लपवता येत नाही, साठ्याने फुगलेला नफा मात्र अजूनही दाखवता येतो.