चित्रफलक व रंगसाहित्य (आदिलाबाद परिसर)

ज्या पृष्ठभागावर चित्र रंगवले जाते तो चित्रफलक. कागद, कापड, लाकडी फळी, भिंत, धातूचा पत्रा यांपैकी काहीही चित्रफलक होऊ शकते. चौकटीवर ताणलेले कापड, म्हणजे कॅनव्हास, हा त्याचा आज सर्वांत परिचित प्रकार. कॅनव्हास हा शब्द भांगवर्गीय वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आला, कारण जुने कॅनव्हास तिच्या तंतूंचे असत. हौशी चित्रकार बहुधा आधी रंग घेतो आणि मग फलक शोधतो. परंपरेतील कारागिरांचा क्रम उलटा असे : आधी फलक, मग त्याला सोसेल असे अस्तर, आणि शेवटी त्या अस्तरावर टिकेल असा रंग. पुढील नोंद याच क्रमाने केली आहे.

परिसर : आदिलाबाद जिल्हा तेलंगणाच्या उत्तर टोकाला असून पैनगंगा नदी त्याला महाराष्ट्रापासून वेगळे करते. काळ्या जमिनीतील कापूस हे येथील प्रमुख पीक. पूर्वी हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे तालुके मराठी भाषक भाग म्हणून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. उरलेल्या सीमाभागात मराठी आजही घराघरांत बोलली जाते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. त्यामुळे ‘आदिलाबादची कला’ म्हणून ओळखले जाणारे निर्मलचे चित्रकाम आता शेजारच्या निर्मल जिल्ह्यात मोडते. या नोंदीत ‘परिसर’ हा शब्द जुन्या, अखंड जिल्ह्याच्या अर्थाने वापरला आहे.

परंपरेतील फलक : निर्मलच्या नक्काश कारागिरांचा फलक लाकडी आहे. खेळण्यांसाठी ते पोणिकी नावाच्या झाडाचे हलके, मऊ लाकूड कोरतात. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधे जोडतात व उठाव घडवतात. चित्रांसाठी सपाट फळी किंवा प्लायवुड वापरले जाते. फळीच्या भेगा व रेषा लांबी भरून बुजवायच्या, कागदाने घासून ती आरशासारखी गुळगुळीत करायची, त्यावर गडद, बहुधा काळा रंग चढवायचा आणि मग सोनेरी व उजळ रंगांत आकृत्या काढायच्या, अशी ही पद्धत. पूर्वी रंग खनिजे व वनस्पती यांपासून करीत. आता इनॅमल रंग रूढ आहेत. अजिंठ्याच्या आणि मोगल शैलीच्या आकृत्यांचे वळण या चित्रांत दिसते. निर्मलच्या या कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे.

गडद पार्श्वभूमीचे हे तत्त्व परिसरातील घरांच्या दारातही दिसते. शेणाने सारवलेल्या अंगणावर पांढरी रांगोळी उठते ती अंगण गडद असते म्हणून. गडद फलकावर रंगाला स्वतःची अपारदर्शकता लागते. कागदाच्या पांढरेपणावर विसंबणारा पारदर्शक जलरंग तेथे दिसतच नाही. इनॅमल, पोस्टर रंग किंवा दाट ॲक्रिलिक मात्र उठून दिसते. निर्मलच्या चित्राची नक्कल करताना पांढऱ्या कॅनव्हासवर आकृती रंगवून भोवती काळा भरण्याची चूक नवशिके करतात. त्याने कडा खडबडीत होतात आणि सोनेरी रंगाची झळाळी जाते. आधी संपूर्ण फलक काळा करून तो पूर्ण वाळू देणे हाच मार्ग आहे.

निर्मल हे दख्खनमधील गंजिफा तयार करण्याचेही एक केंद्र होते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, बहुधा गोल पत्ते. दशावतारी संचात १० रंगांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात, तर मोगल संचात ८ रंगांचे मिळून ९६. महाराष्ट्रात सावंतवाडीला ही कला टिकून आहे. तळहाताएवढ्या वर्तुळात देवता, वाहन आणि पत्त्याची किंमत दाखवणारी चिन्हे बसवणे हा गोल फलकाच्या रचनेचा उत्तम धडा आहे. तेलंगणातीलच चेरियालचे कथापट मात्र लांबच लांब असतात. खादीच्या कापडाला तांदळाची खळ, पांढरी माती, शिजवलेल्या चिंचोक्यांचा लगदा व डिंकाचे पाणी यांचे अस्तर देऊन त्यावर एकाखाली एक प्रसंग रंगवतात. कथा पुढे सरकते तसा पट उलगडायचा, म्हणून फलक लांब. गुंडाळताना तडकू नये, म्हणून अस्तराला लवचीकपणा हवा. महाराष्ट्रातील पिंगुळीचे चित्रकथी कलावंत कथा उलगडत नेण्याची हीच गरज सुट्या कागदांच्या पोथीने भागवतात. एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून कथा सांगायची असल्याने त्यांचा फलक हातात मावेल एवढाच असतो. फलकाचा आकार चित्राच्या वापरातून ठरतो, हे या तिन्ही उदाहरणांवरून दिसते.

आकार व मापे : भारतीय दुकानांत कॅनव्हास इंचांत मागितला जातो. ८ × १०, १० × १२, १२ × १६, १६ × २०, १८ × २४ व २४ × ३६ ही नेहमीची मापे. जलरंगाच्या कागदाचा पूर्ण ताव, म्हणजे ‘फुल इम्पिरियल’, २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे ‘हाफ’ व ‘क्वार्टर’ चित्रकलेच्या वर्गात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. १९ व्या शतकात फ्रान्समध्ये विषयानुसार मापे ठरली. एकाच ६५ सेंमी. लांबीला व्यक्तिचित्रासाठी ५४, भूदृश्यासाठी ५० आणि सागरदृश्यासाठी ४६ सेंमी. अशी रुंदी धरीत. क्षितिज जितके महत्त्वाचे, तितका फलक चिंचोळा, हा त्यामागचा विचार.

मापापेक्षा प्रमाण अधिक महत्त्वाचे. १२ × १६ चे प्रमाण ३ : ४ आहे, आणि मोबाइलवर काढलेले छायाचित्र बहुधा याच प्रमाणात असते. तेच छायाचित्र १६ × २० वर उतरवले, तर प्रमाण ४ : ५ होते आणि कडेचा भाग कापावा लागतो. २४ × ३६ चे प्रमाण २ : ३ असून त्याचे क्षेत्रफळ १२ × १६ च्या साडेचारपट भरते. रंग व वेळ त्याच हिशेबाने वाढतात आणि कुंचलाही अधिक रुंद लागतो. पहिल्या उत्साहात मोठा कॅनव्हास घेऊन तो अर्धवट टाकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

उभा आयत माणसासाठी व झाडासाठी, आडवा आयत शिवारासाठी, ही ढोबळ वहिवाट आहे, नियम नव्हे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी उत्तरकाळात उभ्या कॅनव्हासवर रोलर व रंगसुरी वापरून वस्तुनिरपेक्ष चित्रे रंगवली. त्या उभेपणात रंग खालून वर तरंगत गेल्यासारखा वाटतो. चौरस फलकाला दिशा नसते. नागपूर कला विद्यालयात व नंतर सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेले सय्यद हैदर रझा यांचा ‘बिंदू’ अशा स्थिर चौकटीत विशेष खुलतो. गोल फलकाला कोपरे नसल्याने नजर कडेने फिरत राहते आणि मध्यबिंदू तिला ओढतो. म्हणून मंडल, फुलांची वेल किंवा एकटा चेहरा त्यात सहज बसतो. भूदृश्य रंगवताना मात्र क्षितिजरेषा नकळत कलते, कारण समांतर धरायला बाजूच नसते. फलकाच्या पाठीवर वरची दिशा दाखवणारा बाण आधीच काढून ठेवावा. गोल चौकटीवर कापड सुरकुतीविना ताणणे अवघड असल्याने बाजारात एमडीएफच्या गोल तबकड्या अधिक मिळतात. त्यांची कापलेली कड पाणी शोषून फुगते, म्हणून अस्तर कडेलाही द्यावे लागते. आयताची चौकट कोणताही फ्रेमवाला करून देतो. गोल व लंबगोल चौकटीसाठी शोधाशोध करावी लागते, हेही निवडीच्या वेळी लक्षात ठेवावे.

कापड, फळी, कागद : कॅनव्हास आज मुख्यतः दोन प्रकारच्या धाग्यांचा असतो. जवसाच्या खोडातील तंतूंपासून होणारे लिनन मजबूत, पण महाग. सुती कॅनव्हास स्वस्त व हौशी कामाला पुरेसा. कापडाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन यावर सांगतात. साधारण २५० ते ४०० जीएसएमचे कापड चित्रांसाठी वापरले जाते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास बोर्ड सरावासाठी सोयीचा असतो, पण ओल लागली की तो वाकतो. ताणलेल्या कॅनव्हासच्या आतील कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. कापड सैल पडल्यास त्या हलकेच ठोकून ताण वाढवता येतो. स्वतः कापड ताणताना खिळे किंवा पिना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे मारत जावे. जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद ताणल्याविनाही चालतो. त्याहून पातळ कागद आधी भिजवून, पाटावर चिकटपट्टीने ताणून घ्यावा.

अस्तर : अस्तर रंग शोषून घेण्याचे प्रमाण ठरवते आणि कापडाचे रंगापासून रक्षणही करते. तैलरंगातील तेल थेट कापडात मुरले, तर हवेतील प्राणवायूशी संयोग होताना धागे हळूहळू कुजवते. युरोपात म्हणून आधी सरसाचा हात देत. सरस व खडू यांचे जुने जेसो कडक असल्याने फळीवर उत्तम बसे, लवचीक कापडावर तडके. निर्मलच्या कारागिराची लांबीही फळीवरच का टिकते, याचे उत्तर हेच आहे. आज दुकानात ‘जेसो’ म्हणून मिळते ते ॲक्रिलिकचे असते व कापडाबरोबर लवते. तयार कॅनव्हासला अस्तर दिलेले असते. तरी आणखी एक-दोन पातळ हात देऊन मधे बारीक कागदाने घासल्यास रंग कमी शोषला जातो.

रंगमाध्यमे : तैलरंगात रंगद्रव्य जवसाच्या तेलात खललेले असते. पैनगंगेपलीकडील विदर्भात चटणीसाठी घरोघरी असणारा हाच जवस. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. प्राणवायू शोषून घट्ट होते. वरचा थर काही दिवसांत सुकला, तरी शेवटचे वॉर्निश द्यायला सहा महिने ते एक वर्ष थांबतात. खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे ठेवावेत, अन्यथा चित्र तडकते. ॲक्रिलिक पाण्यात कालवता येते व मिनिटांत सुकते. सुकल्यावर ते पाण्याने निघत नाही. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही. पोस्टर रंग अपारदर्शक व स्वस्त असतात, पण पाण्याने पुसले जातात, म्हणून कागदावर व काचेआडच ठेवावेत.

इनॅमल मूलतः दारे-खिडक्या रंगवण्यासाठी असले, तरी कलेत त्याला स्थान आहे. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक लिहिणारे चित्रकार प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरले. इनॅमल सपाट, चकचकीत पसरते. त्यातील पांढरा कालांतराने पिवळसर पडतो.

रंगाच्या नळीवर ‘ह्यू’ असे लिहिलेले असल्यास मूळ महाग रंगद्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य आहे असे समजावे. विद्यार्थी दर्जात भरणद्रव्य जास्त व रंगद्रव्य कमी असते. सुरुवातीला २४ नळ्यांच्या पेटीपेक्षा चांगल्या दर्जाचे मोजके रंग अधिक उपयोगी : पांढरा, लिंबू पिवळा, गेरूच्या जातीचा पिवळा, उष्ण लाल, थंड लाल, अल्ट्रामरीन निळा व गडद तपकिरी. मराठी घरांत परिचित असलेला कॅमल छाप हा दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या उद्योगाचा; त्याचा आरंभ शाईपासून झाला.

कुंचले व हत्यारे : दाट तैलरंगाला राठ केसांचा, ॲक्रिलिकला नायलॉनचा आणि जलरंगाला पाणी धरून ठेवणारा मऊ कुंचला लागतो. एक रुंद चपटा, एक मध्यम, एक बारीक गोल आणि एक रंगसुरी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. मुंगसाच्या केसांचे कुंचले बनवणे व विकणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत. टर्पेंटाइन उघड्या खिडकीजवळच वापरावे. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ठेवू नयेत. सुकताना त्यांत उष्णता साचून ती आपोआप पेटू शकतात.

हवामानाचा परिणाम : आदिलाबादचे हवामान टोकाचे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातील काही रात्री तो एक आकडी होतो. उन्हाळ्यात ॲक्रिलिक पॅलेटवरच सुकते. ओल्या कापडावर पसरलेल्या बटरपेपरवर रंग काढल्यास तो बराच वेळ ओला राहतो. हिवाळ्यात सुमारे १० अंशांखाली ॲक्रिलिकचा थर नीट जुळत नाही व पुढे भुकटीसारखा सुटू शकतो, म्हणून पहाटेऐवजी दुपारी काम करावे. पावसाळ्यात कापडाचा ताण बदलतो आणि पाठीवर बुरशी धरते. कॅनव्हास बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, मागे हवा खेळती राहील इतके अंतर सोडावे. तीव्र उन्हात लाल व जांभळ्या छटांतील काही रंग लवकर विटतात. नळीवरील प्रकाशस्थिरतेची खूण पाहूनच ते घ्यावेत.

नोंद ठेवणे : चित्र पूर्ण झाल्यावर त्याच्या मागच्या लाकडी पट्टीवर, कापडावर नव्हे, वर्ष, अस्तराचा प्रकार, रंगमाध्यम व वॉर्निशचे नाव लिहावे. कापडावर दाबून लिहिले तर अक्षरांचे वळ कालांतराने पुढच्या बाजूला उमटतात. पुढे चित्र तडकले, पिवळे पडले किंवा बुरसले, तर दुरुस्त करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो खाली काय आहे हा. आणि त्याचे उत्तर समोरून दिसत नाही.