डर्बीचे वृक्षोद्यान

इंग्लंडच्या मध्यभागातील डर्बी शहराचे वृक्षोद्यान, म्हणजे डर्बी आर्बोरेटम, १६ सप्टेंबर १८४० रोजी खुले झाले. सामान्य नागरिकांच्या विहारासाठी मुद्दाम आखून तयार केलेल्या इंग्लंडमधील सुरुवातीच्या उद्यानांत त्याची गणना होते. ते पूर्णपणे सार्वजनिक व्हायला मात्र आणखी चाळीसेक वर्षे जावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारखान्यांमुळे इंग्लंडमधील शहरे झपाट्याने वाढली. गावाभोवतीची मोकळी रानेमाळे कुंपणात गेली आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतील मजुरांना पाय मोकळे करायलाही जागा उरली नाही. लंडनमधील मोठी उद्याने राजघराण्याची होती, तर इतर शहरांतील बऱ्याच बागांत फक्त वर्गणीदारांना प्रवेश मिळे. १८३३मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने या उणिवेकडे लक्ष वेधले. मोकळ्या हवेत फिरण्याची सोय झाली तर कामगारांचे आरोग्य सुधारेल आणि त्यांची पावले दारूच्या गुत्त्याकडे कमी वळतील, असा त्यामागचा विचार होता.

डर्बीत हा विचार प्रत्यक्षात आणला जोसेफ स्ट्रट यांनी. त्यांचे वडील जेडेडाया स्ट्रट हे यंत्रावर सूत कातण्याच्या धंद्यात रिचर्ड आर्कराइट यांचे भागीदार होते. जोसेफ स्वतः कापड उद्योजक होते आणि शहराचे महापौरही झाले होते. ज्या कामगारांच्या श्रमावर आपल्या घराण्याची संपत्ती उभी राहिली, त्यांचे ऋण आपल्यावर आहे अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी आपली सुमारे ११ एकर जमीन उद्यानासाठी दिली आणि आखणीचे काम जॉन क्लॉडियस लाउडन यांच्याकडे सोपवले.

लाउडन हे त्या काळातील बागकामावरचे अग्रगण्य लेखक. ब्रिटनमधील वृक्ष आणि झुडुपांवरचा त्यांचा आठ खंडांचा ग्रंथ १८३८मध्ये पूर्ण झाला होता. वनस्पतिउद्यान करायचे तर काचगृहे आणि जाणकार माळी सांभाळावे लागतील आणि तो खर्च शहराला झेपणार नाही, हे त्यांनी ओळखले. उघड्यावर वाढणाऱ्या झाडांना एवढा खर्च नव्हता, शिवाय ती ऋतूगणिक वेगळी दिसतात. म्हणून वृक्षोद्यानाची निवड झाली. एक हजारांहून अधिक जातींची आणि उपजातींची झाडेझुडुपे शास्त्रीय क्रमाने लावण्यात आली. प्रत्येकापाशी नावाची पाटी होती. अधिक माहितीसाठी लाउडन यांनी एक पुस्तिकाही लिहिली. फिरता फिरता सामान्य माणसाला वनस्पतिशास्त्राची ओळख व्हावी, असा हेतू होता.

जागा सपाट आणि चिंचोळी असल्याने तिच्या कडा लगेच नजरेत येत. त्यावर लाउडन यांनी मातीचा उपाय केला. सहा ते दहा फूट उंचीचे नागमोडी उंचवटे घालून त्यांनी वाटा एकमेकींपासून झाकल्या. त्यामुळे शेजारच्या वाटेवरची माणसे दिसत नसत, गर्दी जाणवत नसे आणि बाग आहे त्याहून मोठी भासे. मधून एक रुंद सरळ रस्ता आणि कडेने वळणावळणाची वाट अशी रचना होती.

स्ट्रट यांच्या सूचनाही बारकाईच्या होत्या. दोन टोकांच्या प्रवेशद्वारांपाशी रखवालदारांसाठी घरे बांधावीत आणि प्रत्येक घरात लोकांसाठी एक खोली असावी, असे त्यांनी सांगितले होते. पाहुण्यांनी घरून आणलेली शिदोरी तिथे बसून खावी. त्याबद्दल पैसे मागायचे नाहीत, पण गरम पाणी किंवा ताटल्या घेतल्यास खुशीने काही द्यावे, अशी पद्धत ठरली. या घरांचे आराखडे एडवर्ड बकटन लॅम या वास्तुविशारदाने केले. फ्लॉरेन्सच्या प्रसिद्ध रानडुकराच्या पुतळ्याची विल्यम कॉफी यांनी केलेली प्रतिकृतीही उद्यानात बसवण्यात आली.

उद्घाटनाचा सोहळा तीन दिवस चालला. प्रवेशाचा नियम मात्र सरसकट मोफत असा नव्हता. रविवारी, प्रार्थनेच्या वेळा वगळून, आणि बुधवारी उद्यान विनामूल्य खुले असे. इतर दिवशी वर्गणी किंवा सहा पेन्सचे तिकीट लागे. देखभालीसाठी कायमचा निधी ठेवलेला नव्हता आणि ज्यांना परवडते त्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, अशी स्ट्रट यांची भूमिका होती. व्यवहारात मात्र आठवडाभर कामावर असणाऱ्या मजुराच्या वाट्याला मुख्यतः रविवारच येई. लाउडन १८४३मध्ये आणि स्ट्रट १८४४मध्ये वारले. पुढे वर्धापनदिनाचे उत्सव हे उत्पन्नाचे मोठे साधन बनले. नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेने दूरदूरच्या गावांतून हजारो लोक त्यासाठी येत. अखेर १८८२मध्ये प्रवेशशुल्क रद्द झाले.

उद्यान विस्तारले, तशी अवतीभोवती घरे आणि कारखाने वाढले. धुराने झाडांचे नुकसान झाले आणि मूळ संग्रहातील बरीच झाडे नाहीशी झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१मध्ये, पडलेल्या बॉम्बने वाद्यवृंदाचा मंडप उद्ध्वस्त झाला आणि रानडुकराच्या पुतळ्याचीही मोडतोड झाली. राष्ट्रीय लॉटरीतून वारसा जतनासाठी मिळालेल्या निधीतून पुढे उद्यानाचा जीर्णोद्धार झाला आणि २००५मध्ये नवा पुतळा बसवण्यात आला.

सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले इंग्लंडमधील बर्कनहेड शहराचे उद्यान १८४७मध्ये खुले झाले आणि पुढे नगरपालिकांनी स्वतः उद्याने बांधण्याची प्रथा रुळली. डर्बीत उद्यान मिळाले ते एका धनिकाच्या औदार्यामुळे, पण ते रोज सर्वांना खुले झाले ते तिकीट हटल्यावरच. दानातून उद्यान उभे राहू शकते, मात्र ते सर्वांचे व्हायचे तर देखभालीचा भार शहरालाच उचलावा लागतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.