घशामागचे गळू आणि पिंपरीचे पेनिसिलिन

मे १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात साडेचार वर्षांच्या एका मुलाला पेनिसिलिन देण्यात आले. गोवरानंतर पापणीवर झालेला जंतुसंसर्ग डोळ्याच्या खोबणीतून कवटीच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीपर्यंत पोहोचला होता. त्या काळी अशा रुग्णाची आशा कोणी धरत नसे. औषधाने ताप उतरला, सूज ओसरली, मूल बोलू-खेळू लागले. मात्र संसर्गाने आधीच कमकुवत केलेली मेंदूची एक धमनी फुटली आणि ते दगावले. शवविच्छेदनात संसर्ग हटल्याचे दिसले. औषधाचा गुण सिद्ध झाला होता, पण ते उशिरा पोहोचले होते.

या चाचणीसाठी लहान मुले निवडण्यामागचे कारण साधे होते: त्यांना औषध कमी लागते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाच्या चेहऱ्यावरील संसर्गावर पेनिसिलिनचा उत्तम परिणाम दिसला होता. साठा अपुरा पडू लागला, तेव्हा त्याच्या मूत्रातून औषध परत मिळवून पुन्हा टोचण्यात आले. तरीही ते संपले आणि १५ मार्च रोजी तो मरण पावला. फ्लेमिंगच्या बशीतील बुरशीची कथा सर्वांना पाठ असते. फ्लोरी, चेन आणि हीटली यांना छळणारा परिमाणाचा प्रश्न क्वचितच सांगितला जातो. शौचपात्राच्या धर्तीवर बनवलेल्या चिनी मातीच्या भांड्यांत बुरशी वाढवून देशाची गरज भागणार नव्हती. अमेरिकेत मोठ्या टाक्यांत हवा खेळवून, ढवळत बुरशी वाढवण्याचे तंत्र विकसित झाले, तेव्हा कुठे पेनिसिलिन मुबलक झाले.

भारतासाठी हा प्रश्न पुण्याजवळ पिंपरीत सोडवला गेला. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांनी अत्यावश्यक औषधे देशातच, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत तयार व्हावीत, असा आग्रह धरला होता. युनिसेफची यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य घेऊन हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. आज त्या कंपनीची आर्थिक दुरवस्थाच चर्चेत असते. तिच्या टाक्यांनी ग्रामीण रुग्णालयांत इंजेक्शनची कुपी पोहोचवली, हे त्या चर्चेत हरवते.

परंतु मानेतील खोल संसर्गात औषध हा अर्धाच प्रश्न असतो. उरलेला अर्धा भूमितीचा आहे. मानेतील स्नायू, नळ्या आणि रक्तवाहिन्या पातळ पडद्यांच्या थरांनी वेगळ्या केलेल्या असतात, आणि थरांमधल्या फटींतून पू सरकतो. घसा आणि मणके यांच्यामधील अशीच एक फट थेट छातीकडे उतरते. तिथल्या लसिका ग्रंथी बालपणी ठळक असतात आणि साधारण चार-पाच वर्षांच्या वयानंतर आक्रसतात. म्हणून घशामागचे गळू हा मुख्यतः लहानग्यांचा आजार. सर्दी किंवा घसादुखीनंतर ताप चढतो, मूल मान वळवत नाही, वर पाहत नाही, गिळणे टाळते, लाळ गाळते. बाहेरून सूज दिसेलच असे नाही.

क्ष-किरणांनी ही फट प्रथम दिसू लागली. बाजूने काढलेल्या चित्रात मानेच्या दुसऱ्या मणक्यापुढील मऊ भागाची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा अधिक भरली, तर संशय घ्यावा, असा ठोकताळा आहे. त्यात मेख अशी की, रडणाऱ्या किंवा मान झुकवलेल्या निरोगी मुलातही ही जाडी वाढलेली दिसते. शिवाय पू आणि नुसती सूज क्ष-किरणांना जवळपास सारख्याच अडवतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. पुढे मानेचे स्कॅन करताना शिरेतून रंजकद्रव्य देण्याची पद्धत रूढ झाली. पुवात रक्तवाहिन्या नसल्याने गळवाचा गाभा काळसर राहतो आणि कडा उजळते. हाउन्सफील्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

सीटीही चुकते. उजळ कडा पाहून शस्त्रक्रिया करावी आणि आत पू मिळू नये, असेही घडते. म्हणून गळू लहान आणि श्वास मोकळा असेल, तर शिरेतून प्रतिजैविके देऊन एक-दोन दिवस बारीक लक्ष ठेवले जाते. गळू मोठे असेल, श्वास अडत असेल किंवा उतार पडत नसेल, तर पू काढावाच लागतो. नुसते पेनिसिलिन आता बहुधा पुरत नाही. त्याला निकामी करणारे जिवाणूंचे विकर चेन आणि अब्राहम यांनी १९४० मध्येच, म्हणजे पहिल्या रुग्णाच्याही आधी, नोंदवले होते. त्यामुळे अँपिसिलिनसोबत त्या विकराला रोखणारे सल्बॅक्टम किंवा पर्याय म्हणून क्लिंडामायसिन वापरतात.

म्हैसूर-नंजनगूड रस्त्यावरील कडकोळसारख्या गावातून असे मूल निघते, तेव्हा सीटीचे यंत्र शहरात असते आणि पहिला निर्णय गावातील डॉक्टरला डोळ्यांनी घ्यावा लागतो. घरघर, लाळ, ताठ मान ही चिन्हे दिसताच घशात जबरदस्तीने चमचा घालायचा नाही, मुलाला आडवे निजवायचे नाही; ज्या स्थितीत त्याला श्वास सोपा जातो त्याच स्थितीत, आईच्या मांडीवर बसवून, म्हैसूरला न्यायचे.