ओ गटालाही ओ रक्त चालत नाही तेव्हा

दिल्लीच्या रक्तपेढ्यांत माझी उभी हयात गेली. नव्या तंत्रज्ञांना शिकवताना मी सुरुवात करायचे ती १९५२च्या मुंबईपासून. त्या वर्षी डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांसोबत 'लॅन्सेट'मध्ये एक शोध जाहीर केला. मुंबईत तीन माणसं अशी सापडली होती, की त्यांच्या तांबड्या पेशी ओ गटासारख्या दिसत, पण सिरम मात्र ओ पेशींच्याही गाठी करी. हाच पुढे 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला गेला.

तांबड्या पेशींवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्यूकोज जोडलं की एच अँटिजेन तयार होतो. त्यावर एन-असिटिलगॅलॅक्टोसमाइन बसलं तर ए गट, आणखी एक गॅलॅक्टोज बसलं तर बी. काहीच बसलं नाही तर ओ. म्हणजे ओ पेशींवर एच भरपूर असतो. बॉम्बे गटात फ्यूकोज जोडणारं एन्झाइमच निकामी असतं. ए किंवा बीचा जनुक असला, तरी त्याच्या साखरेला बसायला जागा नसते. शरीराला एच परका वाटतो आणि ओ रक्तही जिवावर बेतू शकतं. त्या १९५२च्या शोधनिबंधाचे सहलेखक मॉर्गन आणि वॉटकिन्स यांनी या साखरांचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलला.

टाइलवर नुसतं पेशींचं ग्रुपिंग केलं, तर बॉम्बे गट बेमालूम ओ म्हणून निघतो. खरं कळतं ते सिरम ग्रुपिंगमध्ये. रुग्णाचं सिरम घातलेली ओ पेशींची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढून हलकेच टिचकी मारायची. एरवी तळाचं लाल बटण धुरासारखं विरून जातं. इथे ते अख्खंच सुटून वर येतं. मग युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांपासून केलेल्या अँटी-एचने पेशी तपासायच्या.

दिल्लीत बी आणि ओ गटांची माणसं सर्वांत जास्त, तरी अशा रुग्णाला त्यांतली एकही पिशवी चालत नाही. म्हणून मी आधी सख्ख्या भावंडांना बोलावून घ्यायचे. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते. मुंबईच्या त्या डॉक्टरांनी न जुळणारी नळी चूक म्हणून फेकली नाही. घाईच्या रात्रीही सिरम ग्रुपिंग टाळायचं नाही, हा त्यांचा धडा प्रत्येक रक्तपेढीने पाळलाच पाहिजे.