आदिवासींचे सहकारी होताना

मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनपरिक्षेत्राच्या बाजूला आदिवासी वस्त्या आहेत. शहरातील सहृदय माणूस अशा वस्तीकडे वळतो तो बहुधा जुने कपडे व वह्या घेऊन. हेतू चांगला असला, तरी देणारा आणि घेणारा यांतील अंतर त्याने मिटत नाही. सहकार्याची निराळी रीत खानदेशाने पूर्वीच पाहिली आहे.

तत्कालीन धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात जमिनी गमावलेल्या आदिवासींना अंबरसिंग सुरतवंती यांनी संघटित केले. ते स्वतः भिल्ल. भजनांतून समाजाशी बोलत. सर्वोदयी कार्यकर्ते व पाठोपाठ शहरांतील सुशिक्षित तरुण त्यांच्या साथीला गेले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे दारूबंदीसाठी आदिवासी स्त्रिया स्वतःच पुढे सरसावल्या. बाहेरचे तरुण पोहोचले तेव्हा नेतृत्व तेथे होतेच, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

आज या सहकार्याची कसोटी लागते ती २००६ च्या वनहक्क कायद्यात. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्क, कमाल ४ हेक्टरपर्यंत, हा कायदा मान्य करतो. चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे पेसा कायदा आहे; मुक्ताईनगर त्याबाहेर आहे. वनहक्क कायदा मात्र दोन्हीकडे लागू असून दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासूनच सुरू होते.

दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. त्यांपैकी एक गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब असू शकतो. लिहिता-वाचता येणाऱ्या साथीदाराचा खरा उपयोग येथे आहे. वृद्ध माणूस पावरी किंवा भिली बोलत असेल, तर वस्तीतीलच दुभाषी घ्यावा, सांगणे जसेच्या तसे उतरवावे आणि सही-अंगठ्यापूर्वी सर्वांसमोर वाचून दाखवावे. मोर्चाच्या मानाने हे काम नीरस खरे. पण वस्तीला हवे असते ते हेच. दावा फेटाळला गेल्यास कारणे लेखी मागता येतात व ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, हे सांगावे. दाद मागायची की नाही, ते दावेदाराने ठरवावे. मूळ कागद त्याच्याच घरी राहू द्यावेत. साथीदाराने छायाप्रत घ्यावी, तीही विचारून.